जुना पेनवाला टॅब्लेट पीसी: ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना सुरुवात पेनापासून

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधून निघालेले थिंकपॅड टॅब्लेट, कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या कुणाचा तरी सर्फेस प्रो, एखाद्या स्टुडिओने विकायला काढलेला वाकॉम सिंटिक कम्पॅनियन. पडद्यावरच पेनाने चित्र काढता येईल असे जुने संगणक पुण्यात बऱ्यापैकी हात बदलत असतात. नव्याच्या मानाने ते स्वस्त पडतात आणि बहुतेकांचं पेन अजून छान चालतं. घोडं अडतं ऑपरेटिंग सिस्टिमपाशी. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ही यंत्रं अधिकृतपणे स्वीकारत नाही. आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "टाकून देतो की ११, काही होत नाही."

कधीकधी होतं, आणि जे होतं ते नेमकं पेनाचं होतं. रेघ उमटते पण दाब कळत नाही. पडदा उभा केला की पेन आडवंच राहतं. झोपवून उठवलं की पेन मेलेलं असतं. साध्या लॅपटॉपसाठी दिलेला सल्ला इथे अपुरा पडतो तो यामुळेच. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: आधी पेन, मग तुमचं सॉफ्टवेअर, आणि या दोघांना काय चालतं ते पाहून ऑपरेटिंग सिस्टिम.

पायरी १: हातात नक्की काय आहे ते ओळखा

विंडोज चालू असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. प्रोसेसर, रॅम, सिस्टिम ३२ बिट की ६४, आणि बायॉस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) जुन्या पद्धतीचा 'लेगसी' की नव्या पद्धतीचा 'यूईएफआय', एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. यंत्राचं पूर्ण मॉडेल नाव बहुधा मागच्या स्टिकरवर असतं. तेही लिहा.

आता पेन. त्यात बॅटरी नसेल आणि टोक पडद्यापासून थोडं वर धरलं तरी बाण हलत असेल, तर ते ईएमआर प्रकारचं, म्हणजे वाकॉमचं जुनं विश्वासू तंत्र. थिंकपॅड एक्स२०१, एक्स२२० आणि एक्स२३० टॅब्लेट, सर्फेस प्रो १ आणि २, सिंटिक कम्पॅनियन हे सगळे या घरातले. पेनात बारीक एएएए सेल असेल तर ते एन-ट्रिग किंवा वाकॉमचंच एईएस. सर्फेस प्रो ३ पासून मायक्रोसॉफ्टने एन-ट्रिग धरलं.

हा फरक पुढे सगळीकडे लागतो. लिनक्स या मोफत सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, वाकॉमचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे थिंकपॅडवरचं ईएमआर पेन काहीही न टाकता दाबासकट चालू होतं. सर्फेस प्रो ४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना मात्र 'लिनक्स-सर्फेस' या प्रकल्पाचा वेगळा कर्नल टाकावा लागतो, नाहीतर स्पर्श आणि पेन दोन्ही रुसतात. ज्याला टर्मिनल उघडायचाच कंटाळा आहे त्याने या मॉडेलांवर विंडोजच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेन हरवलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर लगेच सोडून देऊ नका. थिंकपॅड टॅब्लेट आणि पहिल्या दोन सर्फेस प्रोंवर सॅमसंग नोट मालिकेचं एस-पेन चालतं, तेव्हा ओळखीत कुणाकडे असेल तर नेऊन टेकवून बघा. इंट्युओस किंवा बांबूचं पेन मात्र त्यांवर चालत नाही. उलट सिंटिक कम्पॅनियनला प्रो पेनच हवं, तिथे एस-पेनचा उपयोग नाही.

जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना तीन सापळे लक्षात ठेवा. सर्फेस आरटी आणि सर्फेस २, ज्याच्या नावात 'प्रो' नाही, ही दिसायला भावंडं असली तरी आतून मोबाइलसारख्या एआरएम प्रोसेसरची आहेत. त्यांना दाबाचं पेनच नाही. सिंटिक कम्पॅनियन हायब्रिड हा अँड्रॉइडवरचा. त्यावर विंडोज किंवा लिनक्स टाकायचा नाद सोडा, पण केबलने दुसऱ्या संगणकाला जोडला की तो साध्या सिंटिकसारखा वापरता येतो, तेव्हा त्या कामासाठी घ्यायला हरकत नाही. तिसरा सापळा ॲटम झेड२७६० वाल्या टॅब्लेटांचा. थिंकपॅड टॅब्लेट २ हा त्यातला एक. पेन सुरेख, पण आतली पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिप लिनक्सवर धड चालत नाही आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्या या प्रोसेसरला दिल्याच नाहीत.

पायरी २: पैसे घालायचे तर कुठे

आधी बॅटरी बघा. यंत्र टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा पडद्याची कड उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. चार्जर काढा, वापर थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार त्यानंतर.

मग एसएसडी. थिंकपॅड एक्स२२० टॅब्लेटमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कुठलीही हलकी सिस्टिम टाकून पडत नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, सात मिलिमीटर जाडीची. जाड असेल तर बसत नाही. डीडीआर३ लॅपटॉप रॅम तपकीर गल्लीत किंवा जुने लॅपटॉप खोलणाऱ्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे विचारा. एक्स२२० आणि एक्स२३० मध्ये दोन खाचा आहेत आणि १६ जीबीपर्यंत जाता येतं. सर्फेस प्रो आतून चिकटवलेला असतो, तिथे रॅम वाढत नाही. विकत घेतानाच ८ जीबीवाला बघा.

रॅम किती लागते याचा हिशेब सोपा आहे. दिवाळी अंकाचं ए४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एक पूर्ण भरलेला लेयर साधारण ३५ एमबी. वीस लेयर म्हणजे ७०० एमबी, त्यावर 'अनडू'चा साठा वेगळा. ए३ घेतलंत तर हे दुप्पट, १६ बिट रंग घेतलेत तर पुन्हा दुप्पट. म्हणजे ४ जीबीच्या यंत्रावर ए४ पान आरामात निघतं, फक्त मागे ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या नकोत.

पायरी ३: कोणत्या सॉफ्टवेअरशिवाय तुमचं चालत नाही

इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट, ॲफिनिटी यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधून क्लिप स्टुडिओ वापरणारे आहेत, पण पेनाचा दाब तिथे कधी येतो, कधी जातो. पोटापाण्याचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नये. क्रिटा, मायपेंट, गिम्प, इंकस्केप, ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल यांत तुमचं भागत असेल तर लिनक्सची वाट मोकळी आहे. नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्याला झोर्नल++ पुरतं.

पुण्यात आणखी एक गोष्ट आडवी येते: फॉन्ट. प्रकाशक आणि डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर येतो. मॉड्युलर इन्फोटेकची ही श्रीलिपी इथलीच, आणि ती विंडोजवरची. संपादक तुम्हाला अशा फाइली पाठवून चित्रातच शीर्षक बसवून मागत असेल, तर घरात एक तरी विंडोज यंत्र हवं. नुसतं चित्र देत असाल तर प्रश्न नाही. युनिकोडमधली अक्षरं इंकस्केपमध्ये जोडाक्षरांसकट नीट जुळतात. 'मुक्त'सारखा खुला फॉन्ट टाका आणि काम संपल्यावर मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून पाठवा.

छपाईच्या सीएमवायके या चार शाईंच्या रंगपद्धतीचं भय मात्र बाळगू नका. क्रिटामध्ये सीएमवायकेत काम करता येतं आणि टिफही निघते. प्रेसकडून त्यांची कलर प्रोफाइल मागून घ्या.

पायरी ४: वाटा कोणत्या

पहिली, विंडोज १० वरच राहणं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अद्यतनं देऊ केली. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि विंडोज बॅकअप चालू केलं तर पैसे पडत नाहीत. त्या तारखेपलीकडे एकच शहाणा मार्ग: यंत्राचं इंटरनेट तोडा, त्याला फक्त चित्राची पाटी समजा आणि फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा. एकदाच विकत घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे चालू स्थितीत आहे, त्यांना मी हेच सांगेन. नव्याने टाकायला गेलात तर ॲक्टिव्हेशन अडू शकतं, तेव्हा त्या डिस्कला हात लावू नका. महिन्याच्या वर्गणीवरची सॉफ्टवेअरं अधूनमधून इंटरनेट मागतातच, त्यांना ही वाट चालत नाही.

दुसरी, विंडोज ११ जबरदस्तीने. अधिकृत अट आहे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. अट चुकवून बसवता येतं, पण अद्यतनांची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दर मोठ्या आवृत्तीला पुन्हा खटपट. कोअर २ ड्युओवर, म्हणजे थिंकपॅड एक्स६१ किंवा एक्स२०० टॅब्लेटवर, २४एच२ आवृत्ती चालतच नाही. त्या प्रोसेसरांत लागणाऱ्या सूचनाच नाहीत. शिवाय एक्स२२० मधल्या एचडी ३००० ग्राफिक्सला इंटेलने विंडोज १० चासुद्धा अधिकृत ड्रायव्हर दिलेला नाही. थोडक्यात, क्लिप स्टुडिओ हवंच असेल आणि यंत्र सहाव्या-सातव्या पिढीचं असेल तरच या वाटेचा विचार करा. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरच्या 'ॲक्टिव्हेटेड' विंडोजला नाही म्हणा. त्यात आणखी काय काय आलंय ते कळत नाही.

तिसरी, लिनक्स. ईएमआर पेन आणि क्रिटा अशी जोडी असेल तर माझ्या मते हीच सर्वात चांगली.

क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची सिस्टिम मी मोजत नाही. त्यावर प्ले स्टोअर नाही, त्यामुळे चित्रकाराच्या कामाची अँड्रॉइड ॲप्सही नाहीत.

पायरी ५: काहीही पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

ही पायरी टाळू नका. किमान १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाका आणि दोन-तीन लिनक्सच्या आयएसओ फाइली (एकेका फाइलीत पूर्ण सिस्टिम) त्यावर नुसत्या कॉपी करा. सुरू करताना कोणती चालवायची ते विचारलं जातं. एक उबुंटू स्टुडिओ घ्या, कारण त्यात क्रिटा, गिम्प, इंकस्केप आधीच असतात. दुसरी फेडोरा केडीई. तिसरी, रॅम कमी असेल तर, लिनक्स मिंट एक्सएफसीई.

त्याआधी विंडोजमध्ये दोन कामं करा. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. आणि डिस्क एन्क्रिप्ट आहे का ते तपासा. सर्फेसवर ती बहुधा असते. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. यूईएफआयमध्ये सिक्युअर बूट बंद केलंत की पुढच्या वेळी विंडोज ती की मागेल, आणि की नसेल तर चित्रं गेली म्हणून समजा.

थिंकपॅडवर सुरू करताना एफ१२, एचपीवर एफ९. सर्फेसवर आवाज कमी करायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा. आवाज वाढवायचं बटण धरलं तर यूईएफआय सेटिंग उघडतात. सर्फेस प्रोला यूएसबीचं एकच तोंड आहे, तेव्हा पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड दोन्हींसाठी हब जवळ ठेवा.

आता क्रिटा उघडा आणि घाई न करता बघा. फेडोरात ते आधीच नसतं, पण चालू सत्रात तात्पुरतं टाकता येतं.

पडद्यावर पट्टी ठेवून तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. थोडी लाट जुन्या ईएमआरमध्ये असतेच. विंडोजवरही तेवढीच येत असेल तर दोष सिस्टिमचा नाही. मग चारही कोपऱ्यांत टिंबं द्या. कडांपाशी बाण टोकापासून सरकतो, ते कॅलिब्रेशनने कमी होतं, पूर्ण जात नाही. अगदी हलक्या हाताने रेघ उमटते का, मागचं खोडरबर खोडतं का, बाजूचं बटण दाबल्यावर काय होतं, तळहात टेकला की पडद्यावर डाग पडतो का, हे तपासा. पडदा उभा करा आणि पुन्हा टिंब द्या: पेन पडद्याबरोबर वळलं पाहिजे.

शेवटी झाकण मिटा, चहा घेऊन या, उघडा. पेन लगेच चाललं पाहिजे. विश्रामबागवाड्यासमोर फुटपाथवर बसून स्केच करणाऱ्याला या एका चाचणीचं मोल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. वाय-फाय आणि ब्राइटनेस जाता जाता बघून घ्या.

यात लक्षात येईल की पेनाच्या सुखाचा संबंध लिनक्सच्या नावापेक्षा त्यावरच्या डेस्कटॉपशी अधिक आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या नव्या यंत्रणेवर चालणारे गनोम आणि केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप पडदा वळवला की पेनही वळवतात. गनोममध्ये पडद्यावरचा कीबोर्डही अंगचाच येतो. प्लाझ्मामध्ये ६.२ आवृत्तीपासून पेन कॅलिब्रेट करण्याची सोय आहे. मिंट प्रामुख्याने जुन्या एक्स११ वर चालतं. तिथे पडदा वळतो आणि पेन मागे राहतं, मग 'एक्ससेटवाकॉम'ची आज्ञा एखाद्या बटणाला बांधून ठेवावी लागते. एकदा केलं की झालं, पण करावं लागतं. म्हणून ८ जीबी असेल तर फेडोरा केडीई, ४ जीबी असेल आणि यंत्र कायम आडवंच वापरणार असाल तर मिंट, असा माझा कौल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतनं आहेत, फेडोराची आवृत्ती मात्र साधारण तेरा महिन्यांत बदलावी लागते. बे ट्रेल ॲटमवाली छोटी यंत्रं, उदाहरणार्थ असुस व्हिवोटॅब नोट ८, यांत ६४ बिट प्रोसेसरला ३२ बिट यूईएफआय जोडलेला असतो, त्यामुळे बऱ्याच पेनड्राइव्ह सुरूच होत नाहीत. तिथे डेबियन वापरून बघा.

पायरी ६: बसवणं

डिस्क निघत असेल तर जुनी डिस्क विंडोजसकट काढून कपाटात ठेवा आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाका. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम नांदवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि माघारी फिरायचं झालं तर एका स्क्रूचं काम. सर्फेसवर ही सोय नाही. तिथे आधी चित्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सीरियल नंबर देऊन मिळणारी रिकव्हरी इमेज पेनड्राइव्हवर तयार ठेवा.

इन्स्टॉलर डिस्क एन्क्रिप्ट करायची का विचारतो. कीबोर्ड नेहमी जोडलेला नसेल तर नको म्हणा. पासवर्ड सिस्टिम सुरू होण्याआधी मागितला जातो, तेव्हा पडद्यावरचा कीबोर्ड बहुधा नसतो, आणि तुम्ही काळ्या पडद्याकडे बघत बसता.

दिवाळी अंकांची कामं हातात असताना, म्हणजे साधारण जुलै ते सप्टेंबर, यातलं काहीही करू नका.

पायरी ७: हाताला बसवणं

कॅलिब्रेशन ज्या कोनात बसून चित्र काढता त्याच कोनात करा. मांडीवर धरून काढत असाल तर मांडीवर धरून. मग क्रिटाच्या सेटिंगमधल्या टॅब्लेट विभागात दाबाची वक्ररेषा आपल्या हाताप्रमाणे वाकवा. हात हलका असेल तर ती वर उचला. तिथेच टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात दाबाचे आकडे प्रत्यक्ष दिसतात. बोटाने रंगवणं बंद करा, म्हणजे तळहाताचे डाग पडणार नाहीत. परफॉर्मन्स विभागात क्रिटाला किती रॅम द्यायची ते ठरतं. ४ जीबीच्या यंत्रावर ती निम्म्याहून वर नेऊ नका.

विंडोजवर राहिलेल्यांसाठी दोन सेटिंग. क्रिटामध्ये दाब येत नसेल तर टॅब्लेट विभागात विनटॅब आणि विंडोज इंक या पेनाचा दाब सॉफ्टवेअरला पोचवणाऱ्या दोन पद्धतींपैकी आत्ता न निवडलेली निवडून क्रिटा पुन्हा सुरू करा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं. फोटोशॉप सीएस६ सारख्या जुन्या आवृत्त्यांना विनटॅबच लागतं, त्यासाठी वाकॉमचा टॅब्लेट पीसीसाठीचा ड्रायव्हर टाका. आणि कंट्रोल पॅनलच्या 'पेन अँड टच'मध्ये दाबून धरल्यावर राइट-क्लिक होण्याची सोय बंद करा. रेघ सुरू करताना येणारं ते गोल वर्तुळ आणि अडखळणं तिच्यामुळे असतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट मिळतो. सिस्टिमची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं टाइमशिफ्ट मिंटमध्ये आधीच असतं, फेडोरात ते टाकून घ्या. सगळं मनासारखं चालू झालं की त्याच दिवशी एक स्नॅपशॉट घ्या, आणि पुढे कर्नलचं अद्यतन आलं की पेन, पडदा वळवणं आणि झोपेतून उठणं या तीनच गोष्टी पुन्हा तपासा. बिघडलंच तर सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडता येतो, आणि हातातलं पान त्यावर पूर्ण करता येतं.